दोरी ओली होती

जालना वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी मंठ्याला अकरावीत होतो. जिल्हा झाला म्हणून कलेक्टर आले, एसपी आले आणि त्यांच्या मागोमाग जिल्ह्याची स्वतःची अशी दोन-तीन दैनिकंही निघाली. बी.ए. करून परत आल्यावर त्यातल्या एका दैनिकाची मंठ्याची एजन्सी मी घेतली. तेव्हा जो एजंट तोच वार्ताहर, अशी पद्धत होती. सकाळी पेपर वाटायचा आणि दुपारी बातमी लिहायची. फुलस्केप कागदावर एकाच बाजूनं लिहून, पाकिटात घालून, जालन्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. तिकडे स्टँडवर प्रेसचा माणूस येऊन पाकीट उतरवून घ्यायचा.

माझ्या बातम्या म्हणजे आठवडी बाजार, विहिरीत पडलेला बैल, पंचायत समितीची सभा, शाळेचं गॅदरिंग. त्या पाचव्या पानावर दोन बोटांच्या जागेत यायच्या. तरी मी सायकलच्या पुढच्या मडगार्डवर पेंटरकडून लाल रंगात 'प्रेस' लिहून घेतलं होतं. तहसीलमध्ये खुर्ची मिळायची, चहा मिळायचा. पण पहिल्या पानावर आपली एखादी बातमी यावी, ही इच्छा काही जायची नाही.

ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहे ते आमचे पीटीचे सर. मंठ्यातल्या एका खासगी संस्थेच्या शाळेत मी शिकलो, तिथं ते होते. उंच, काळेसावळे, पांढरा हाफ शर्ट, पांढरी पँट आणि गळ्यात शिट्टी. मुसलमान होते, हे मला लहानपणी माहीत असूनही कधी वेगळं जाणवलं नाही. जाणवायची ती त्यांची शिट्टी. पंधरा ऑगस्ट, मराठवाडा मुक्तीचा सतरा सप्टेंबर, सव्वीस जानेवारी, या तिन्ही दिवसांचे मालक तेच. झेंडा धुवायचा, इस्त्री करायची, घडी घालायची, त्यात फुलांच्या पाकळ्या ठेवून गाठ मारायची, हे काम बावीस वर्षं दुसऱ्या कुणी केलं नव्हतं. राष्ट्रगीताला ते हातात घड्याळ घेऊन उभे राहायचे. बावन्न सेकंदांपेक्षा जास्त लागले की दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायला लावायचे. "देशाचं गाणं है, रडगाणं न्हाई," असं म्हणायचे.

मला पळायला त्यांनी शिकवलं. पायात बूट नव्हते तर स्वतःचे कॅनव्हासचे जुने बूट पुढे चिंध्या कोंबून दिले. त्या बुटांवर मी तालुक्यात पहिला आलो.

नव्वदीच्या सुरुवातीला वारं बदललं. पेपरात रोज तेच: देश कुणाचा, कोण खरा, कोण उपरा. वाचकांच्या पत्रांची दोन पानं झाली. आमच्या दैनिकाचे उपसंपादक म्हणजे माझ्या बातम्या बघणारे गृहस्थ. ते चांगले होते, शुद्धलेखन त्यांनीच मला शिकवलं. महिन्याच्या बैठकीत ते म्हणाले, "बैल आणि विहिरी पुरे झाल्या. लोकांच्या मनात काय धुमसतंय ते आलं पाहिजे. शेजारचा पेपर बघा, कुठं चाललाय." शेजारचा पेपर खरंच पुढे चालला होता. माझ्याकडची गिऱ्हाइकंही तोडून तो माझ्याच गल्लीत खपत होता.

त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला पहाटेपासून बारीक भुरभुर होती. शाळेच्या मैदानावर सगळे जमले. मी पहिल्या रांगेत, खिशात वही. संस्थेच्या सेक्रेटरींनी दोरी ओढली. घडी वर गेली, पण गाठ सुटली नाही. त्यांनी झटका दिला. पुन्हा दिला. वर नुसतं पांढरं-केशरी गाठोडं हलत राहिलं. पोरं हसायला लागली. सर पळत आले, झेंडा खाली घेतला, नखांनी गाठ सैल केली, दातही लावले असते पण झेंड्याला तोंड कसं लावायचं म्हणून थांबले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. नव्यानं गाठ मारली. झेंडा वर गेला, फडकला, पाकळ्या पडल्या, राष्ट्रगीत झालं. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं.

या पाच-सहा मिनिटांत मागच्या बाजूनं एक आवाज आला, "बराबर माणसाच्या हातात दिलाय झेंडा!" चार-दोन जण हसले. सरांच्या कानावर ते गेलं असावं. त्यांनी मान वळवली नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. ते खांबाची दोरी पिळून बघत होते. सुती दोरी, भिजून अंगठ्याएवढी फुगलेली.

"दोनदा लिहून दिल्तं मी," ते म्हणाले. "नायलॉनची दोरी आणा, वरची पुली गंजलीय, ती बदला. कुणी ऐकलं न्हाई. आज बघ, कशी इज्जत गेली."

"जाऊ द्या सर, होतं कधीकधी," मी म्हणालो.

पंधरा ऑगस्टला प्रेसला सुट्टी, म्हणून सोळाला पेपर नसतो. मी सोळाच्या सकाळी बातमी लिहिली. झेंडा वेळेवर उलगडला नाही, दोरी भिजल्यानं गाठ घट्ट झाली होती, नवीन दोरीची लेखी मागणी करूनही ती मिळाली नव्हती, काही मिनिटांत ध्वजारोहण व्यवस्थित पार पडलं. शेवटी एक वाक्य टाकलं: 'या प्रकाराबद्दल काही ग्रामस्थांनी नाराजी व्यक्त केली.' ते काही ग्रामस्थ म्हणजे तो मागचा एक आवाज. पाकीट साडेदहाच्या एसटीनं गेलं.

संध्याकाळी मेडिकलवाल्याच्या फोनवर उपसंपादकांचा निरोप आला, म्हणून मी तिथून त्यांना फोन लावला.

"झेंडा कुणी बांधला होता?" त्यांनी विचारलं.

"पीटीच्या सरांनी."

"नाव काय त्यांचं?"

मी सांगितलं. त्या नावातच त्यांना बातमी दिसली होती, आणि खरं सांगायचं तर ती दिसणार हे मला नाव उच्चारतानाच कळलं होतं.

"मग हे बातमीत का नाही?"

"तसं काही नव्हतं सर त्यात. दोरी ओली होती."

"दोरीचं सोड. संस्थेची पाव पान जाहिरात परवाच्याच अंकात लागलीय, तूच आणलेली. आता त्यांनाच झोडायचं का? मला एक सांग, हे चुकून झालं की मुद्दाम?"

"मुद्दाम कशाला करतील?"

"तू त्यांच्या मनात शिरला होतास का?"

"नाही."

"म्हणजे मुद्दाम नव्हतंच, असं तू छातीठोक सांगू शकत नाहीस."

मेडिकलवाला काउंटरवर गोळ्या मोजत होता. मी गप्प राहिलो, एवढंच माझ्या हातून झालं आणि एवढंच पुरेसं होतं.

सतरा तारखेला पहाटे स्टँडवर गठ्ठा उतरवला आणि सुतळी तोडली. पहिलं पान, उजवीकडे, तीन कॉलम: 'राष्ट्रध्वज फडकलाच नाही! शिक्षकाचे कृत्य जाणीवपूर्वक?' खाली सरांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. दोरी कुठंही नव्हती. झेंडा नंतर फडकला, हेही नव्हतं. काही ग्रामस्थांची नाराजी होती तिचा 'ग्रामस्थांत तीव्र संताप' झाला होता. आणि वर 'आमच्या मंठा प्रतिनिधीकडून'.

त्या प्रश्नचिन्हाचा मी पुढे कित्येक वर्षं आधार घेतला. आपण म्हटलं नाही, विचारलं फक्त.

त्या सकाळी मात्र मला वाईट वाटण्याआधी आनंद झाला होता. हे लिहायला हात कचरतो, पण झाला होता. पहिल्या पानावर होतो. आठ वाजेपर्यंत सगळे अंक खपले.

सर माझे गिऱ्हाईक होते. रोज त्यांच्या दारात सायकल लावून मी हाक मारायचो, त्यांच्या बायकोनं दिलेला चहा प्यायचो आणि पुढे जायचो. त्या दिवशी सायकलवरूनच पेपर ओट्यावर टाकला आणि जोरात पायडल मारलं.

दुपारी ते माझ्या स्टॉलवर आले. हातात पेपरची घडी.

"तू तिथंच होतास ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"दोरी पाह्यली होतीस?"

"सर, मी लिहिलं होतं दोरीचं. वरच्यांनी काढलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "मंग ठीक है," ते म्हणाले. "उद्या परत लिहून टाक, दोरी ओली होती म्हणून. जल्दी लिही, पोरं भडकून राह्यलीत."

मी त्याच दिवशी खुलासा लिहून पाठवला. तो छापून आला नाही. फोन केला तेव्हा उपसंपादक म्हणाले, "संस्थेच्या लेटरहेडवर पाठव, छापतो." सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, "लेटरहेडवर दोरीचं दिलं म्हणजे चूक कुणाची ठरंल? माझी. तुम्ही पेपरवाले लावा आगी अन् विझवायला आमाला बोलवा." त्यानंतर आणखी एक गोष्ट मला करता आली असती. शेजारच्या पेपराला जाऊन सगळं सांगता आलं असतं. त्यात माझी एजन्सी गेली असती. मी गेलो नाही.

माझे वडील पेपर वाचायचे. गावाकडं कोरडवाहू शेती करणारे, चौथी शिकलेले, पण सगळं पान बोट ठेवून वाचायचे. तिसऱ्या दिवशी ते मंठ्याला आले आणि बसल्याबसल्या म्हणाले, "त्या मास्तरनं तुला बूट दिल्ते ना?"

"दादा, मी फक्त नाव सांगितलं. बाकी सगळं वरच्यांनी केलं."

"नाव कशाला सांगितलं पण?"

दादा चहा न पिताच उठले.

पुढं जे झालं ते पटापट झालं. काही तरुण शाळेवर निवेदन घेऊन गेले. त्यातले निम्मे सरांचेच विद्यार्थी. संस्थेनं बैठक घेतली. सरांकडून लिहून घेतलं: 'माझ्या मनात राष्ट्रध्वजाबद्दल पूर्ण आदर आहे आणि झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे.' बावीस वर्षं सगळ्या शाळेला सलामी शिकवलेल्या माणसानं हे आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं आणि मुख्याध्यापकांनी ते प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं. सर त्या वेळी नेहमीच्या जागी उभे होते, असं मला नंतर एका शिक्षकानं सांगितलं. मी त्या दिवशी शाळेकडं फिरकलो नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यांची बदली संस्थेच्या परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या शाळेत झाली. ट्रकमध्ये सामान भरताना मी त्यांना लांबून पाहिलं. शाळेनं मात्र पुढच्या सव्वीस जानेवारीच्या आत नायलॉनची दोरी आणली.

सात-आठ वर्षं गेली. माझ्या बातम्या आता बरेचदा पहिल्या पानावर यायच्या. मला कळलं होतं काय पाठवलं की काय छापतात. कुठली मिरवणूक 'भव्य' म्हणायची आणि कुठल्या मिरवणुकीला 'तणावपूर्ण शांतता' जोडायची, हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. पण झेंडावंदनाची बातमी मी पुन्हा कधी लिहिली नाही.

मग एक दिवस आष्टीच्या शाळेचं कार्ड आलं. सरांचा सेवानिवृत्तीचा कार्यक्रम. कार्ड वार्ताहर म्हणून आलं होतं, पण मी ते वेगळ्या अर्थानं घेतलं. आता चुकवायचं नाही, असं ठरवलं. चार दिवस मनात वाक्यं जुळवली.

आष्टीच्या शाळेच्या हॉलमध्ये गर्दी होती. माणसं खरोखर मनापासून आली होती. सरांनी तिथं कबड्डीची टीम उभी केली होती, ती विभागापर्यंत गेली होती. गावकरी त्यांना रिटायर झाल्यावरही जाऊ देणार नव्हते, गावातच राहून पोरांना शिकवा म्हणत होते. सरांचे केस पांढरे झाले होते, पण ते ताठ होते. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली.

मनोगतं चालू झाली तेव्हा मी चिठ्ठी पाठवून वेळ मागितला. उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मंठ्याचं झेंडावंदन, ओली दोरी, फोन, संस्थेची जाहिरात, तिच्यामुळं माझं गप्प राहणं, मथळा. म्हणालो की या माणसावर अन्याय झाला आणि तो माझ्या हातून झाला, आज तुमच्या सगळ्यांसमोर मी माफी मागतो. खाली येऊन सरांच्या पाया पडलो. टाळ्या झाल्या, पण थोड्याच, आणि अडखळत. हॉलमध्ये कुजबुज चालू झाली. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पलीकडच्याला विचारत होता, "झेंड्याचं काय प्रकरण होतं म्हणं?"

जेवणाच्या वेळी सरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"तुला हलकं वाटलं का?" त्यांनी विचारलं.

"सर, इतकी वर्षं..."

"हलकं वाटलं का, एवढंच सांग."

"हो."

"हां." ते मैदानाकडे बघत म्हणाले, "इथं कुणाला माहीतच नव्हतं रे. मी आलो तेव्हा हेडमास्तरला माहीत होतं, त्यांनी कुणाला सांगितलं न्हाई. आठ वर्षं मी इथं झेंडा बांधला. कुणी मागून कायी बोललं न्हाई. मी इथं बिलकुल साधा पीटीचा सर होतो. आज तू सगळ्यांना सांगून टाकलंस."

"पण मी तर तुमची चूक नव्हती असं सांगितलं."

"तू सांगितलंस चूक नव्हती. त्यांनी ऐकलं, काहीतरी होतं." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एकट्यानं घरी आला असतास, तर बसलो असतो आपण. जा, जेवून घे."

मी न जेवता निघालो. हॉलमध्ये दुसऱ्या पेपरचा परतूरचा वार्ताहर बसला होता, ते मी पाहिलं होतं. रस्त्यात लक्षात आलं की त्याला थांबवावं, हात जोडावेत. मी परत फिरलो, तोवर तो गेला होता. तिसऱ्या दिवशी त्याची बातमी आली: 'ध्वज प्रकरणातील शिक्षक सेवानिवृत्त'. आत माझं भाषण होतं, माफी होती, दोरीही होती या वेळी. पण वाचणारे मथळा वाचतात, आणि हे मला कुणी नव्यानं सांगायला नको होतं.

सर आष्टीत राहिले नाहीत. गावानं काही केलं असं नाही, कुणी वाकडं बोललं असंही ऐकलं नाही. पण कबड्डीचं पुन्हा कुणी फारसं काढलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. महिन्याभरात ते जुन्या जालन्यात मुलीकडे राहायला गेले. मी वार्ताहराचं काम सोडलं. पेपर विकत राहिलो, कारण पोटापाण्याला दुसरं काही येत नव्हतं.

त्यांची शेवटची भेट जुन्या जालन्यातच झाली. पुतण्याच्या लग्नाचं कापड घ्यायला गेलो होतो. कापडाच्या गल्लीत रिक्षाला वाट देत एका दुकानाच्या पायरीवर चढलो, तर आत गादीवर सर. ते त्यांच्या जावयाचं दुकान होतं. भिंतीवरच्या टीव्हीत आठ चौकटींत आठ माणसं भांडत होती, देशावर प्रेम कुणाचं खरं म्हणून. खाली लाल पट्टी पळत होती आणि तिच्यात प्रश्नचिन्हंच प्रश्नचिन्हं होती. सर तिकडे पाठ करून मीटरनं कापड मोजत होते.

त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. तब्येत विचारली, वडील गेल्याचं ऐकून हळहळले. मग म्हणाले, "पोरगी काय करते तुझी?"

"बारावी झाली. पत्रकारितेला जायचं म्हणते."

"चांगलं है." त्यांनी कापडाची घडी घातली, कडा जुळवल्या. "तिला सांगितलंस का ते?"

"काय?"

"आपलं."

"नाही सर."

"सांगून टाक. तिला एकटीला सांग, हां. सभा भरवू नको." आणि पहिल्यांदाच ते हसले. मीही हसलो.

पुढच्या वर्षी ते गेल्याचं कळलं. तोवर मी मुलीला सांगितलं नव्हतं. कळलं त्या दिवशी दुपारी, ती होस्टेलवरून सुट्टीला आली होती, तेव्हा ओट्यावर बसून सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "बाबा, जाहिरातीमुळं गप्प राहिलात का तुम्ही फोनवर?"

इतकी वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो होतो. आष्टीच्या सभेतही हेच सांगितलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "बातमीत दोरी राहिली असती तर ती पाचव्या पानावर गेली असती."

ती उठली आणि आईला मदत करायला आत गेली.